ताराबाई आणि शाहू महाराज: भांडण कळतं, नाती कळत नाहीत

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या कराडच्या वाचनालयात महिलांच्या गटापुढे मला सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांबद्दल बोलायचं आहे. सनावळ्या माझ्याकडे आहेत. अडचण वेगळी आहे. छापील वंशावळ समोर ठेवली की वर शिवाजी महाराज, खाली संभाजीराजे आणि राजाराम महाराज, त्यांच्याखाली त्यांची मुलं, एवढंच दिसतं. कोण कोणाचा मुलगा ते कळतं. पण कोण कोणाच्या बाजूने का उभं राहिलं, याचा त्यातून काही पत्ता लागत नाही.

हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. म्हणजे 1680 मध्ये रायगडावर मंचकावर बसवलेले राजाराम महाराज त्यांचे भाचे. तरी ते संभाजीराजांकडे गेले. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तर त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या त्यांच्याच चुलती ताराबाई. त्या चुलतीला पुढे कैद केलं ते तिच्या सवतीने. आणि म्हातारपणी त्याच ताराबाईंनी नातू म्हणून आणलेल्या रामराजाला किल्ल्यात कोंडलं, शेवटी तो आपला नातूच नाही अशी शपथ घेतली.

हे सगळं "भाऊबंदकी" म्हणून एका शब्दात उरकायला माझं मन घेत नाही. ऐकणाऱ्या बायका आहेत, त्या मला "पण का?" असं विचारणार. कोणी नीट उलगडून सांगेल का?

तळबीडची_लेक

माझं माहेर तळबीडच्या शेजारचं, वसंतगडाच्या पायथ्याचं, आणि सासर कोल्हापूरचं. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे, तिथे त्या महाराणी आहेत. आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या बायका मात्र त्यांच्याबद्दल सासरी नांदायला गेलेल्या लेकीसारखं बोलायच्या. "ताराऊंनी लई सोसलं" हे वाक्य मी इतिहासाच्या पुस्तकाआधी आजीकडून ऐकलं. म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

एक काम करा. वंशावळ काढताना प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचं माहेर लिहा. तुमच्या निम्म्या "का?"ची उत्तरं तिथेच मिळतील.

मोहित्यांपासून सुरू करा, कारण तुमच्या ऐकणाऱ्यांना तळबीड माहीत आहे. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई मोहित्यांच्या. शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाई मोहित्यांच्या. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई त्याच मोहित्यांच्या, हंबीररावांच्या कन्या. लागोपाठ तीन पिढ्या भोसल्यांच्या घरात मोहित्यांची लेक आहे. ताराबाई म्हणजे राजाराम महाराजांची मामेबहीण आणि सोयराबाईंची भाची. मामाची मुलगी करणं आपल्याकडे आजही नवलाचं नाही. आत्याच्या घरी सून म्हणून जायचं हे ठरलेलंच असतं. फक्त इथे आत्या त्याआधीच, 1681 मध्ये गेल्या होत्या, आणि ज्या घरात ताराबाई सून म्हणून आल्या त्या घरात आत्याचं नाव काढणंही अवघड झालेलं होतं.

आता हंबीररावांचं. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पेशवे संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले, तेव्हा हंबीरराव कराडच्या बाजूला फौजेनिशी होते. त्यांनी मनात आणलं असतं तर बहीण राजमाता आणि भाचा छत्रपती झाला असता. त्यांनी उलट या दोघांनाच पकडून संभाजीराजांपुढे नेलं. मला याचं कारण साधं वाटतं: ते सरनोबत, म्हणजे सेनापती होते, औरंगजेब दक्षिणेत उतरणार हे दिसत होतं, आणि फौजेला दहा वर्षांचा राजा चालणार नव्हता. बहिणीच्या बाजूला नातं होतं आणि संभाजीराजांकडे राज्य वाचवायची ताकद होती. 1687 च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले, ते संभाजीराजांचे सेनापती म्हणूनच. त्यांनी आपल्या लेकीला काय वारसा दिला असेल तर हाच, की आधी राज्य, मग माणूस. ताराबाईंच्या पुढच्या आयुष्यात हे इतकं कठोरपणे उतरलेलं दिसतं की वाचताना धडकी भरते.

शिर्क्यांची गोष्टही अशीच. संभाजीराजांच्या पत्नी, शाहूंच्या आई येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. त्यांचे भाऊ गणोजी शिर्के यांना शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवरबाई दिलेली. म्हणजे साटंलोटं. दोन घरं दोन्हीकडून बांधलेली. तरी वतनाच्या वादावरून गणोजी मोगलांकडे गेले. बहीण स्वराज्याची महाराणी, बायको राजाची बहीण, आणि हा माणूस शत्रूच्या छावणीत! पण तिथेच थांबू नका. पुढे जिंजीला वेढा पडला, राजाराम महाराज आत अडकले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात याच शिर्क्यांचा हात लागला. बखरीत असं आहे की खंडो बल्लाळांनी त्यासाठी दाभोळचं आपलं वतन शिर्क्यांना सोडून दिलं. सोयरीक जे करू शकली नाही ते वतनाने केलं, आणि वाचला कोण, तर त्यांच्याच बायकोचा भाऊ.

जिंजीचाच आणखी एक प्रसंग सांगा, फारसा कोणी सांगत नाही. तिथला कारभार हरजीराजे महाडिकांकडे होता. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई म्हणजे सईबाईंच्या मुलगी, संभाजीराजांच्या सख्ख्या बहीण. 1689 मध्ये राजाराम महाराज वेषांतर करून, जीव मुठीत धरून तिथे पोचले, तेव्हा हरजी नुकतेच वारले होते आणि अंबिकाबाई किल्ला सावत्र भावाच्या हाती द्यायला सुरुवातीला तयार नव्हत्या. शेवटी किल्ल्यातल्या लोकांचं मन राजाकडे वळलं आणि दरवाजे उघडले. मला त्या बाईचा राग येत नाही. सख्ख्या भावाचे हाल हाल करून तुळापूरला मारलेलं, नवरा गेलेला, हातात एक किल्ला आणि पोरं. ज्याच्यासाठी दार उघडायचं, त्यालाच नऊ वर्षांपूर्वी आपल्या भावाच्या जागी बसवलं होतं.

आता ताराबाई आणि शाहू. ताराबाई 1675 च्या, शाहू 1682 च्या मे महिन्यातले. चुलती आणि पुतण्यात सात वर्षांचं अंतर. शाहू लहान असताना ताराबाई त्याच घरातली धाकटी सून होत्या. रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. राजाराम महाराजांनी रायगडावरून निसटावं हा निर्णय येसूबाईंचा होता, हे तुमच्या श्रोत्यांना आवर्जून सांगा. स्वतःचा मुलगा हक्काचा वारस असताना दिराला गादीवर बसवून बाहेर पाठवायचं आणि आपण मागे राहायचं. त्या सुटल्या 1719 मध्ये. तीस वर्षांनी.

राजाराम महाराज 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले, तेव्हा ताराबाई पंचविशीत आणि त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचा. त्यानंतरची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला महाराष्ट्रात किल्ल्यांमागे किल्ले हिंडवलं. तो मेला 1707 च्या सुरुवातीला, आणि वर्षाच्या मध्याला शहाजादा आझमने शाहूंना सोडलं. हे दयेपोटी नव्हतं. काकू-पुतणे एकमेकांना भिडावेत हाच हेतू होता.

ताराबाईंचं म्हणणं असं की शिवाजी महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या बरोबर गेलं. जे आज आहे ते माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने उभं केलं, म्हणून ते माझ्या मुलाचं. शाहूंचं म्हणणं असं की मी थोरल्या छत्रपतींच्या थोरल्या मुलाचा मुलगा. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. मी तळबीडच्या बाजूची, तरी शाहू खोटे होते असं कधी म्हणणार नाही.

पण ताराबाईंनी ते म्हटलं. आलेला माणूस शाहू नव्हेच, कोणी तोतया आहे, असं त्यांनी पसरवलं. सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या असं सांगतात. धनाजी जाधव फौज घेऊन निघाले खरे, पण माणूस खरा आहे अशी खात्री पटल्यावर खेडच्या लढाईत शाहूंकडे गेले. 1708 च्या जानेवारीत साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. हा "तोतया" आरोप लक्षात ठेवा, रामराजाच्या वेळी पुन्हा लागेल.

पंचगंगा_घाट

तळबीडच्या ताईंनी छान लिहिलं आहे. पण मी कोल्हापूरचा, त्यामुळे राजसबाईंच्या, म्हणजे ताराबाईंना कैद करणाऱ्या त्या सवतीच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवं म्हणून लिहितो. आमच्याकडच्या भाषणांतही त्यांना फक्त "सवत" करून टाकतात. हे अन्यायाचं आहे.

राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. त्यांचा मुलगा संभाजी हाही राजाराम महाराजांचाच मुलगा, ताराबाईंच्या शिवाजीपेक्षा दोनेक वर्षांनी लहान. ताराबाईंनी पन्हाळ्याला वेगळी गादी मांडली. 1714 मध्ये ती उलटली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा पन्हाळ्यावर कैदेत गेले आणि संभाजीराजे गादीवर आले. यात रामचंद्रपंत अमात्यांचा हात होता असं मानलं जातं. म्हणजे जो माणूस राजाराम महाराजांच्या काळात स्वराज्याचा आधार होता, तोही तोवर ताराबाईंच्या कारभाराला कंटाळला होता. तेव्हा हे एका सवतीचं घरगुती कारस्थान नव्हे. धनाजी साताऱ्याला गेले, बाकीचे एकेक करून जात होते, आणि कोल्हापूरकडे माणसं उरावीत म्हणून दरबारानेच खांदेपालट केली, असं मी समजतो.

आणि निकाल बघा. हे संभाजीराजे 1760 पर्यंत, म्हणजे सेहेचाळीस वर्षं गादीवर राहिले. कोल्हापूर टिकलं.

दुसरं, तुमच्या कराडला जवळचं. 1730 मध्ये वारणेच्या बाजूला शाहूंच्या फौजेने संभाजीराजांचा पराभव केला, त्यात पन्हाळ्याकडची राजघराण्यातली मंडळी शाहूंच्या हाती लागली, ताराबाई त्यांतच. त्यानंतर 1731 च्या फेब्रुवारीत शाहू आणि संभाजी या दोन चुलतभावांची भेट झाली ती जखिणवाडीला, आगाशिवाच्या पायथ्याशी. दोघेही त्याआधी एकमेकांशी वर्षानुवर्षं लढलेले. एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला, वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचं राज्य कोल्हापूरचं ठरलं. जिंकलेल्या शाहूंनी धाकट्या चुलतभावाला बुडवलं नाही, वाटा दिला. तुमच्या श्रोत्यांतल्या कितीजणी जखिणवाडीच्या असतील! त्यांना सांगा की दोन गाद्यांची वाटणी तुमच्या शिवारात ठरली.

संभाजीराजांच्या राणी जिजाबाई यांनाही विसरू नका. पती निपुत्रिक वारल्यावर त्यांनी खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला आणि 1773 पर्यंत राज्य स्वतः चालवलं. त्या नसत्या तर साताऱ्याने आणि पुण्याने कोल्हापूर तेव्हाच गिळलं असतं.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जखिणवाडीचं मला खरंच ठाऊक नव्हतं, आमच्या गटात तिथल्या दोघी आहेत.

आता रामराजा. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला. आजीने नातवाला आधी लपवायचं, मग साऱ्या जगापुढे आणायचं, मग कोंडायचं, मग नाकारायचं. यातली कुठली ताराबाई खरी मानू?

अजिंक्यतारा_पायथा

मी साताऱ्याचा. माझं मत स्पष्ट आहे, रामराजा खरा नव्हता. बावीस-तेवीस वर्षं ज्याला कोणी पाहिलं नाही तो एकदम शाहू महाराज आजारी पडल्यावर कसा उगवतो? शाहू महाराजांना मुलगा नाही, गादी कोल्हापूरकडे जाणार, आणि तसं झालं तर ज्या राजसबाईंनी ताराबाईंना कैद केलं त्यांचाच मुलगा दोन्हीकडे छत्रपती होणार. ताराबाईंना ते सहन होणं शक्य नव्हतं, म्हणून मुलगा उभा केला. आणि कोणतीही आजी सख्ख्या नातवाला जन्मभर कैदेत ठेवणार नाही. शेवटी जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली तीच खरी. देवापुढे त्या वयात कोण खोटं बोलेल?

तळबीडची_लेक

तुमचा पहिला मुद्दा बिनतोड आहे, ताराबाईंना त्या वेळी वारस हवाच होता. पण बाकीचं मला पटत नाही. सविस्तर सांगते.

ताराबाईंचे पुत्र शिवाजी 1726 मध्ये पन्हाळ्यावर कैदेतच वारले. बारा वर्षं आई आणि मुलगा एकाच किल्ल्यात बंद, आणि मुलगा तिथेच गेला. त्यांच्या पत्नी भवानीबाईंना त्या सुमारास झालेला मुलगा म्हणजे रामराजा. त्या वेळी किल्ला कोणाच्या ताब्यात? ज्यांची गादी त्या मुलाच्या असण्यानेच धोक्यात येणार होती त्यांच्या. अशा जागी मुलगा झाल्याचं जाहीर करणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं. म्हणून त्याला बाहेर काढून वाढवलं. तो होता बार्शीजवळ पानगावला, निंबाळकरांकडे दिलेली बहीण दर्याबाई हिच्याजवळ. बावडेकर अमात्यांच्या घराला हे गुपित ठाऊक होतं असं सांगतात. तेव्हा "कोणी पाहिलं नाही" हे बरोबर नाही. ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं, आणि ते सगळे नात्यातले होते.

आता "खोटा" हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडी आला ते बघा. तो शाहू महाराजांच्या राणी सकवारबाईंच्या बाजूने आला. सकवारबाईंना हा वारस नको होता. त्याची खात्री पटावी म्हणून ताराबाईंनी मराठे सरदारांसमोर रामराजाबरोबर एका ताटात जेवून, त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू असं सांगितलं, अशी हकिकत आहे. शाहू महाराजांनीही आपल्यामागे कोल्हापूरकरांना आणू नये असं पेशव्यांना लिहून दिलं होतं. 1749 च्या डिसेंबरात महाराज वारले, सकवारबाई सती गेल्या, आणि त्या आपल्या इच्छेने गेल्या असं मला तरी वाटत नाही. त्यांच्या सती जाण्याने पेशव्यांच्या वाटेतली मोठी अडचण गेली. त्यांच्याबद्दलही भाषणात दोन शब्द बोला ताई, त्यांच्यासाठी कोणी बोलत नाही.

मग बिनसलं कुठे? ताराबाईंची अपेक्षा होती की नातू गादीवर, कारभार माझ्याकडे. त्या तेव्हा पंचाहत्तरीच्या. रामराजा वाढला गावात, दरबार त्याने पाहिलेला नाही, आणि तो आजीऐवजी नानासाहेब पेशव्यांच्या सल्ल्याने चालायला लागला. 1750 मध्ये सांगोल्याला त्याने पेशव्यांना कारभाराचे अधिकार देऊन टाकले. ताराबाईंच्या दृष्टीने हा घात होता. भोसल्यांची गादी आपल्या हयातीत, आपणच बसवलेल्या मुलाच्या हातून नोकराच्या हाती जाते आहे, असं त्यांना दिसत होतं. आणि त्यात त्या चुकल्या नव्हत्या! पुढे छत्रपती साताऱ्यात नावाला राहिले आणि राज्य पुण्याहून चाललं, हे आपण सगळे शिकलोच आहोत.

त्याच वर्षी चंपाषष्ठीला त्यांनी रामराजाला जेवायला म्हणून किल्ल्यावर बोलावलं आणि परत जाऊ दिलं नाही. दमाजी गायकवाडांना मदतीला बोलावलं. 1751 च्या उन्हाळ्यापर्यंत दमाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि ताराबाई किल्ल्यावर एकट्या उरल्या. तरी त्यांनी नातवाला सोडलं नाही. 1752 च्या सप्टेंबरात जेजुरीला खंडोबापुढे शपथ झाली, तो नातू नव्हे म्हणून, आणि त्याच सुमारास पेशव्यांशी समेटही झाला.

आता तुमच्या "देवापुढे कोण खोटं बोलेल" या प्रश्नाचं उत्तर द्या मला. एका ताटातलं अन्न साक्षीला ठेवून एक शपथ आणि खंडोबाच्या पायाशी दुसरी. दोन्ही खऱ्या असूच शकत नाहीत. मग कोणती खोटी? मी असा विचार करते: पहिल्या शपथेच्या वेळी त्यांच्याबरोबर दर्याबाई होती, इतर माणसं होती. दुसऱ्या वेळी त्या एकट्या होत्या. आणि "तोतया" हा शब्द त्यांनी 1707 मध्येही वापरलेला होता, शाहूंबद्दल, जे खरे असल्याबद्दल आज कोणालाही शंका नाही. ज्याचा हक्क रक्ताचा आहे त्याला बाजूला करायचं तर त्याचं रक्तच नाकारावं लागतं. त्यांच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं.

पेशव्यांनीही त्या शपथेवर काय केलं बघा. रामराजा तोतया ठरला म्हणून त्याला छत्रपतिपदावरून काढलं का? नाही. छत्रपती म्हणून तोच राहिला आणि कैदेतही तोच राहिला. दोघांनाही ते सोयीचं होतं. ताराबाई 1761 च्या डिसेंबरात गेल्या, पानिपताच्या वर्षाअखेरीस, शहाऐंशी वर्षांच्या होऊन. रामराजाची कैद पुढे जरा सैल झाली, तो 1777 मध्ये वारला, तेव्हा वावीकर भोसल्यांचा मुलगा त्याच्या मांडीवर दत्तक दिला गेला. तो दुसरा शाहू. रामराजा भोसलाच नाही असं खरोखर कोणी मानत असतं, तर त्याच्या मांडीवर दत्तक देऊन गादी चालवली नसती.

आणि "कोणतीही आजी असं करणार नाही" म्हणता. त्यांची 1714 ते 1749 ही पस्तीस वर्षं बघा. आधी पन्हाळा, मग सातारा. जागा बदलली, पहारा तोच. कैद म्हणजे काय हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? आणि तरीही त्यांनी ती नातवाला दिली. मला याचा त्रास होतो. आजी म्हणून मी त्यांना माफ करू शकत नाही, राज्यकर्ती म्हणून त्यांना दुसरा मार्ग दाखवू शकत नाही. माझ्या माहेरची आहेत म्हणून यातलं काही झाकावं असंही मला वाटत नाही. सात वर्षं औरंगजेबाला थोपवणारी बाई आणि चंपाषष्ठीच्या जेवणाला बोलावून दार लावणारी बाई एकच आहे, आणि भाषणात दोघी आल्या पाहिजेत.

अजिंक्यतारा_पायथा

दत्तकाचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर विचार करतो. पण जेजुरीच्या शपथेबद्दल माझं मन बदललेलं नाही. आमच्या घरात खंडोबा कुलदैवत आहे, चंपाषष्ठीला तळी भरतो. त्या देवापुढे खोटी शपथ ही गोष्ट मला मान्यच करता येत नाही.

तळबीडची_लेक

दादा, हे तुमचं म्हणणं मी मानते. त्या काळच्या माणसांनाही ती शपथ तितकीच जड वाटली असणार, म्हणून तर ती मागितली गेली.

तंजावूर_पेठ

मी तंजावूरचा मराठी, आमचं मराठी तुम्हाला जरा वेगळं वाटेल, सांभाळून घ्या. वर तुकाबाई मोहित्यांचं नाव आलं म्हणून लिहावंसं वाटलं. व्यंकोजीराजे त्यांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. आमची गादी त्यांची. कृष्णाकाठ ताईंनी भावाभावांची आणि बायकांची गोष्ट सांगताना दीपाबाईंना घ्यावं अशी विनंती.

दीपाबाई इंगळ्यांच्या, व्यंकोजींच्या पत्नी. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत आले, वडिलांच्या दौलतीत वाटा मागितला, भाऊ रात्रीतून निघून गेले, पुढे लढाईही झाली. तोडगा निघाला त्यात दीपाबाईंचा मोठा हात होता. नवऱ्याला त्यांनी समजावलं. शिवाजी महाराजांनी तहात बंगळूर, होसकोटे, शिरे हा मुलूख भावाला न देता दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला दिलेली ओटी समजा. पुढे त्यांचे तीन मुलगे, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक गादीवर आले. भावाभावांत तिथे तलवार निघाली नाही.

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेला मराठी लेख आहे, त्यात भोसल्यांचा सगळा वंश सांगितला आहे. इकडे आलात तर जरूर बघा.

कृष्णाकाठ

दीपाबाईंना घेणारच. माझ्या फळ्यावर आता मोहिते, शिर्के, घाटगे, निंबाळकर, महाडिक, इंगळे अशी सहा घरं आली, आणि मला पहिल्यांदा असं वाटतं आहे की मी हे बायकांना समजावू शकेन. तळबीडच्या ताई, तुमच्या आजीचं वाक्य मी तुमचं नाव न घेता वापरलं तर चालेल ना?

एक शेवटची शंका. राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या, आणि राजर्षी शाहूंचा जन्मही कागलच्या घाटग्यांत झाला. घर एकच का? कोणीतरी हे विचारणार, मला खात्री आहे.

तळबीडची_लेक

जरूर वापरा. आणि सुरुवातीलाच एक सांगून टाका, नाहीतर सगळ्या गोंधळतील: शाहूंचं पाळण्यातलं नाव शिवाजीच, ताराबाईंच्या मुलाचं नावही शिवाजीच, आणि राजसबाईंच्या मुलाचं नाव संभाजी. दोन्ही घरांनी आजोबांचं नाव ठेवलेलं. मी बोलते तेव्हा "येसूबाईंचा", "ताराबाईंचा", "राजसबाईंचा" असं आईच्या नावानेच सांगते, कोणी चुकत नाही.

पंचगंगा_घाट

कागलचं उत्तर मी देतो. होय, तेच कागलकर घाटगे. राजर्षी शाहू 1874 मध्ये त्या घरात जन्मले, नाव यशवंतराव. 17 मार्च 1884 रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं शाहू. ते राजसबाईंच्या रक्ताच्या वंशातले असं मात्र सांगू नका. राजसबाईंचा मुलगा निपुत्रिक वारला, पुढे खानवटकरांचा दत्तक आला, त्यानंतरही दत्तक झाले. राजर्षी आले ते राजसबाईंच्या माहेरच्या घरातून. फळ्यावर त्यांच्यासाठी गादीखालच्या ओळीला एक रेघ आणि घाटग्यांच्या घराकडे दुसरी रेघ काढा.